न घेतलेली वस्तू कोणाला दिसत नाही

प्रश्न: मी ४३ वर्षांची असून डोंबिवलीत राहते आणि एका बँकेत नोकरी करते. गेल्या गुढीपाडव्याला कपाट आवरताना माझ्या ६४ साड्या निघाल्या. त्यांतल्या १९ साड्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. त्याच दिवशी मी ठरवले की, जुनी वस्तू निकामी झाल्याखेरीज वर्षभर घरात नवा कपडा किंवा नवी वस्तू आणायची नाही. हे मी पैशांसाठी केलेले नाही. कचऱ्याचे ढीग आणि दर वर्षी वाढत चाललेला उन्हाळा पाहून केले आहे. आता नऊ महिने झाले. डबा खाताना मैत्रिणी विचारतात, "हप्ते जड जातायत का गं?" नणंद मला चिंगूस म्हणते. अकरावीतली मुलगी म्हणते, "तुझ्या पर्यावरणाची शिक्षा मला का?" सगळ्यांत वाईट म्हणजे मी स्वतःच नीट वागत नाही. रात्री अकराला फोन हातात घेते आणि सेंद्रिय सुताचा कुर्ता, बांबूचे ब्रश, स्टीलची बाटली असे काही तरी मागवून बसते. घरात आता १४ कापडी पिशव्या आहेत. पुढच्या महिन्यात संक्रांतीचे हळदीकुंकू आहे, आणि ६० जणींना वाण काय द्यायचे यावरून सासूबाईंशी खटका उडाला आहे. आणखी एक सांगायला लाज वाटते: हातमागावरची एक पैठणी घ्यावी असे कित्येक वर्षे मनात आहे आणि ती इच्छा काही केल्या जात नाही. माझ्यात जिद्दच कमी आहे का? आणि माझ्या एकटीच्या साड्यांनी असा काय फरक पडणार आहे?

— डोंबिवलीची एक वाचक

उत्तर: तुमच्या पत्रातील आकडे मी दोनदा वाचले. ज्या बाईने स्वतःच्या कपाटाची इतकी प्रामाणिक मोजदाद केली आणि ती एका अनोळखी माणसाला लिहून कळवली, तिच्या जिद्दीविषयी मला शंका नाही. मात्र तुम्ही जे काम अंगावर घेतले आहे ते कोणत्या जातीचे आहे, हे पुरते तुमच्या ध्यानात आलेले दिसत नाही. उपवास केला तर घरात साबुदाण्याचा वास सुटतो, व्यायाम केला तर घाम येतो, देणगी दिली तर पावती मिळते; न घेतलेल्या वस्तूची मात्र कसलीच खूण मागे राहत नाही. कपाटात न आलेली साडी कोणी पाहत नाही, कोणी तिचे कौतुक करत नाही आणि चार दिवसांनी आपल्यालाही ती आठवत नाही. अशा खुणेवाचून मनाला फार काळ काम करवत नाही, आणि तुमच्या पत्रातली बहुतेक गाऱ्हाणी, मैत्रिणींच्या प्रश्नापासून त्या १४ पिशव्यांपर्यंत, मला या एकाच गोष्टीतून निघालेली दिसतात.

बोलणे आणि वागणे यांत अंतर पडणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, एवढे आधी सांगून टाकते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या कॅथरीन व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एका पाहणीचा दाखला दिला होता. पर्यावरणाची आणि समाजाची चाड ठेवणाऱ्या ब्रँडांच्या वस्तू घ्यायला आवडतील असे त्या पाहणीत ६५ टक्के लोकांनी सांगितले होते, प्रत्यक्षात घेणारे सुमारे २६ टक्केच होते. हा आकडा चांगल्या वस्तू घेण्याविषयीचा आहे. वस्तूच न घेणे त्याहून अवघड असते, कारण तिथे हातात काहीच पडत नाही.

आता पिशव्या. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि तेव्हापासून कापडी पिशवी ही जणू सद्वर्तनाची पाटी झाली. लग्नात, परिसंवादात, साड्यांच्या दुकानात ती भेट म्हणून मिळू लागली. त्याच वर्षी डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने निरनिराळ्या पिशव्यांच्या जन्मापासून अखेरपर्यंतचा हिशेब मांडला. साध्या सुती पिशवीचा हवामानावरचा भार प्लास्टिकच्या पिशवीइतका खाली आणायचा असेल, तर ती किमान ५२ वेळा वापरावी लागते, आणि पाण्यापासून ओझोनच्या थरापर्यंत सगळे निकष धरले तर हा आकडा ७,१०० वर जातो, असे त्यात निघाले. (उघड्यावर पडणाऱ्या प्लास्टिकचा विचार त्या हिशेबात नव्हता, हेही सांगायला हवे, पावसाळ्यात तुंबलेली गटारे पाहिलेल्या आपल्यासारख्यांनी ते विसरून चालणार नाही.) एक पिशवी ५२ वेळा वापरणे काही अवघड नाही, वर्षभराच्या आठवडी बाजारात ते सहज होते. परंतु १४ पिशव्या प्रत्येकी ५२ वेळा म्हणजे ७२८ बाजार झाले, आणि आठवड्याला दोनदा भाजी आणली तरी त्याला सात वर्षे लागतील.

मग तुमच्यासारखी विचारी बाई चौदावी पिशवी का घेते? याचे एक उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दिले. त्यांनी लोकांना लेगोच्या ठोकळ्यांची रचना, निबंध, सहलीची आखणी अशा निरनिराळ्या गोष्टी सुधारायला दिल्या. बहुतेकांनी त्यांत काही ना काही भर घातली. काही तरी काढून टाकूनही काम भागले असते, आणि कित्येकदा ते अधिक सोपे होते, तरी ते चटकन कोणाला सुचले नाही. 'काढून टाकले तरी चालेल' अशी नुसती आठवण करून दिल्यावर मात्र काढणाऱ्यांची संख्या वाढली. म्हणजे कमी करण्याला लोकांचा विरोध होता असे नव्हे. तो मार्गच डोळ्यांसमोर येत नव्हता. पर्यावरणासाठी काही तरी करावे असे वाटले की आपण काही तरी घेतो, कारण 'करणे' म्हणजे 'आणणे' हे आपल्या अंगवळणी पडले आहे. मीही यातून सुटलेली नाही. काही वर्षांपूर्वी, काय काय घेतले नाही याची नोंद ठेवायची असे मी ठरवले, आणि त्यासाठी हातकागदाची एक सुंदर वही आणि तीन रंगांची पेने विकत आणली. वहीत दोन पानांपलीकडे मजकूर नाही.

याच्याच जोडीला आणखी एक खोड आहे. एक चांगले काम झाले की मन स्वतःला थोडी सूट देते. बॉस्टन शहराजवळच्या एका वसाहतीतील १५४ सदनिकांत पाणी वाचवण्याची मोहीम राबवली गेली आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आपण किती पाणी वापरतो हे ज्या घरांना दर आठवड्याला कळवले जात होते, त्यांचा पाण्याचा वापर सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि त्याच घरांचा विजेचा वापर इतरांच्या तुलनेत ५.६ टक्क्यांनी वाढला. विजेविषयी त्यांना कोणी काही सांगितलेले नव्हते. बांबूचा ब्रश घेतल्यावर रात्री कुर्त्यांच्या पानावर बोट जाते ते याच मार्गाने, आणि म्हणून 'हिरव्या' खरेदीकडे मी कमी खरेदीची धाकटी बहीण म्हणून पाहत नाही. त्या दोघी सख्ख्या नाहीत. अॅरिझोना विद्यापीठाच्या सब्रिना हेल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६८ तरुणांचा कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून पदवीनंतर दोन वर्षांपर्यंत मागोवा घेतला. ज्यांना वस्तूंचा सोस होता ते पर्यावरणपूरक वस्तू घेण्यात मागे नव्हते. कमी घेण्यात मात्र मागे होते. कमी घेणाऱ्यांत समाधान अधिक आणि मनाचा त्रास कमी आढळला. पर्यावरणपूरक वस्तू घेणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही. कमी घेतल्यामुळेच समाधान वाढले, असे यावरून ठामपणे म्हणता येणार नाही, कारण मुळात समाधानी असलेल्या माणसालाच कमी लागत असेल. तरीही तुमच्या निश्चयात 'हिरवी असेल तर चालेल' अशी न लिहिलेली पळवाट राहिली आहे आणि सगळी गळती तिथूनच होते आहे, एवढे तुम्ही त्यावरून ओळखावे. ती पळवाट बंद करा. तुमच्या वर्षात ब्रश, बाटली आणि पिशवी याही वस्तूच आहेत.

रात्री अकराच्या फोनबद्दल तुम्ही स्वतःला फार बोल लावला आहे. दिवसभर बँकेच्या काउंटरवर लोकांशी बोलून, मग गाडीची गर्दी सोसून, स्वयंपाक आटोपून थकलेली बाई एकीकडे, आणि तिचे बोट कुठे थांबते यावर ज्यांचा व्यवसाय चालतो अशी जाणती माणसे दुसरीकडे, असा हा सामना आहे. 'फक्त दोन शिल्लक', 'सवलत संपायला नऊ मिनिटे', 'नको, मला बचत करायची नाही' असे लिहिलेले नकाराचे बटण, या क्लृप्त्या इतक्या सर्रास झाल्या की भारत सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ प्रकारांना फसवे ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई दाखवणे, न मागितलेली वस्तू यादीत सरकवणे, नाही म्हणणाऱ्याला लाजवणे हे सगळे त्यांत नाव घेऊन नमूद आहे. ज्यांच्या क्लृप्त्या सरकारला अशा कागदावर आणाव्या लागल्या, त्यांच्यापुढे अकरा वाजता नुसती जिद्द घेऊन उभे राहू नये.

त्याऐवजी निर्णयाची वेळ आणि जागा बदला. फोनमधून कार्डाचा साठवलेला क्रमांक काढून टाका, म्हणजे प्रत्येक वेळी उठून पर्स शोधावी लागेल. अंथरुणातून उठण्याचा कंटाळा हा या बाबतीत तुमचा सर्वांत भरवशाचा मित्र आहे. आणि जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ज्याचा पुष्कळ अभ्यास केला तो 'जर-तर'चा ठराव करून पाहा. 'मी कमी खरेदी करीन' हा ठराव फार ढोबळ आहे. 'जर रात्री एखादी वस्तू आवडली, तर तिचे नाव आणि किंमत स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहीन आणि रविवारी सकाळी पाहीन' हा ठराव मनाला कळतो, कारण त्यात केव्हा, कुठे आणि काय हे तिन्ही ठरलेले आहे. हल्ली मी दुधाचा हिशेब लिहायच्या कॅलेंडरवरच अशी नोंद करते, त्याला नवी वही लागत नाही. महिन्याच्या शेवटी ती यादी वाचताना फार मौज वाटते, कारण निम्म्या नोंदी कशासाठी केल्या होत्या हेही आठवत नाही. शिवाय मघाशी ज्या खुणेविषयी लिहिले ती इथे मिळते: न घेतलेल्या वस्तू भिंतीवर दिसू लागतात.

मैत्रिणी आणि नणंद यांचा प्रश्न मात्र कॅलेंडरने सुटणार नाही. मिनेसोटा विद्यापीठाचे व्लादास ग्रिस्केविशियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की प्रतिष्ठेचा विचार मनात जागा केला की लोक ऐषआरामाच्या वस्तूऐवजी पर्यावरणपूरक वस्तू अधिक निवडतात, पण खरेदी चारचौघांत होत असेल तरच, आणि ती वस्तू महाग असेल तर आणखीच. घरी एकट्याने बसून घ्यायची असेल तर हा परिणाम टिकला नाही. कारण उघड आहे. महागडी हिरवी वस्तू पाहणाऱ्याला सांगते की हिच्याकडे पैसा आहे आणि तरी हिने दुसऱ्यांचा विचार केला. जुनी साडी यांतले काहीच सांगत नाही. पाहणाऱ्याला फक्त जुनी साडी दिसते, आणि तिचे कारण तो आपल्या अनुभवातून भरतो. आपल्याकडे एक-दोन पिढ्यांपूर्वी दिवाळीला नवे कपडे आले नाहीत तर त्याचा अर्थ एकच असे, आणि तो डोळ्यांत पाणी आणणारा असे. तुमच्या मैत्रिणींचा हप्त्यांविषयीचा प्रश्न त्या आठवणीतून आला आहे. त्यात खोचकपणापेक्षा काळजी अधिक असावी असे मला वाटते. नणंदेच्या शब्दाविषयी तसे म्हणवत नाही, परंतु तिनेही रिकामी जागाच भरली आहे, कारण तुम्ही ती रिकामी ठेवली. पत्रभर तुम्ही लोकांचे बोलणे लिहिले आहे. त्यांना तुम्ही काय उत्तर दिले हे एकदाही लिहिलेले नाही.

तेव्हा कारण तुम्हीच सांगा, एकदाच, मोकळेपणाने, आणि त्यात आकडा असू द्या. "कपाटात ६४ साड्या निघाल्या गं, १९ची तर घडीच मोडली नव्हती, म्हणून पाडव्यापर्यंत नवीन घ्यायची नाही असं ठरवलंय" हे वाक्य डब्यावर बसून हसत म्हटले, तर समोरची बाई लगेच मनातल्या मनात आपले कपाट मोजू लागते. हिमनग, कार्बन, पुढच्या पिढ्या यांना त्या वाक्यात जागा देऊ नका. ऐकणारीला आपल्यावर ठपका आला असे वाटले की ती ठपका ठेवणारीतच दोष शोधते. न घेण्याला, न देण्याला चारचौघांत मान मिळवून देणे आपल्या लोकांना जमत नाही असेही नाही. 'कृपया आहेर आणू नयेत' ही ओळ आठवा. आहेर न करणे हा एके काळी रुसव्याफुगव्यांचा विषय होता. यजमानांनीच ते पत्रिकेत छापायला सुरुवात केल्यावर रिकाम्या हाताने जाण्यात कमीपणा उरला नाही, आणि आहेर नको म्हणणाऱ्याला कोणी गरीब समजले नाही. जी गोष्ट बोलायला संकोच वाटत होता, ती छापील ओळीने सोपी केली.

आणखी एक जुनी रीत तुमच्या कामाची आहे. आपल्याकडे नव्या साडीची घडी मोडायला ती बहिणीला, जावेला, मैत्रिणीला देतात. साडी एकीची, पहिल्यांदा नेसायचा मान दुसरीचा. नवेपणाचा आनंद हा विकत घेण्यातच असतो असे नाही, हे त्या रीतीतल्या बायकांना मानसशास्त्र न शिकता कळले होते. तुमच्या कपाटात १९ घड्या न मोडलेल्या आहेत. त्या एकेक करून बाहेर काढा; नऊ महिन्यांत तुम्ही साड्या घेतल्या नाहीत हे लिहिले आहे, किती नेसलात ते लिहिलेले नाही.

मुलीबाबत मी थोडक्यात सांगते, कारण तिथे तुमची चूक आहे आणि ती लगेच सुधारता येण्याजोगी आहे. शिक्षा हा शब्द तिने बरोबर वापरला. निश्चय तुमचा होता, तो तिच्यावर लागू झाला. आपले स्वातंत्र्य कोणी काढून घेत आहे असे वाटले की नेमकी तीच गोष्ट अधिक हवीशी होते, हे जॅक ब्रेह्म या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्येच मांडले होते, आणि सोळाव्या वर्षी तर कपडा हा अंग झाकण्यापुरता नसतो, तो आपल्या गटात असल्याचा दाखला असतो. तिला वर्षाच्या कपड्यांची एक ठरावीक रक्कम द्या आणि हिशेब मागू नका. पहिले दोन महिने ती उधळेल. त्यावर काही बोलू नका.

आता हळदीकुंकू, जे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. गेल्या वर्षी मी माझ्या स्वयंपाकघरातला खालचा खण रिकामा केला तेव्हा त्यात चहाची सात गाळणी निघाली, साबणाच्या पाच प्लास्टिकच्या डब्या, कुंकवाचे करंडे, झाकण न बसणाऱ्या बरण्या, आणि कशासाठी असते हे कोणालाच सांगता न आलेली एक दातेरी वस्तू. सगळे वाण. प्रत्येक वस्तू कोणी तरी डझनाच्या भावाने घेऊन, पदर खोचून, हळदकुंकू लावून प्रेमाने हातात दिलेली होती, म्हणून टाकवत नव्हती, आणि वापरायला एका घरात सात गाळणी लागत नाहीत. आपण वाण 'लुटतो' असे म्हणतो. लुटण्यात हात सैल सोडण्याचा आनंद आहे, आणि तो आनंद खरा आहे. सासूबाई भांडतात त्या गाळण्यासाठी नव्हे, या आनंदासाठी. ६० जणी घरी येतात आणि 'अमकीकडचे वाण' पुढे दोन महिने बोलण्यात राहते. त्यांच्या वर्तुळात त्या ज्यावरून ओळखल्या जातात ते तुम्ही बंद करू पाहत आहात, आणि बदल्यात काहीच देत नाही आहात.

त्यांना एवढेच विचारा, की त्या नव्या नवरी होत्या तेव्हा संक्रांतीला काय देत असत. सुगडाची आठवण निघेल. सुगडात उसाचे करवे, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गाजर, गव्हाच्या ओंब्या, तीळगूळ असा हंगामाचा माल असे, जो चार दिवसांत पोटात जात असे आणि कोणाच्या खणात उरत नसे. खाण्याचे वाण हे तुमचे नवे खूळ ठरणार नाही, त्यांचाच जुना मान त्यांना परत मिळेल. चांगला गूळ, घरची हळद, पॉलिश न केलेले तीळ, जुन्या साडीच्या शिवलेल्या पुरचुंडीत बांधून दिले, तर साडीही कारणी लागेल. फक्त पुरचुंडीसाठी नवे कापड आणू नका. काय द्यायचे हे सासूबाईंनी ठरवावे, आणि श्रेय त्यांचेच असावे.

आमंत्रण कसे द्यायचे, याविषयी एक प्रयोग उपयोगी पडेल. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे ग्रेग स्पार्कमन आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१७ मध्ये उपाहारगृहात रांगेत उभ्या असलेल्या लोकांना एक मजकूर वाचायला दिला. काहींच्या मजकुरात ३० टक्के अमेरिकन लोक मांस कमी खाण्याचा प्रयत्न करतात असे होते, तर काहींच्या मजकुरात गेल्या पाच वर्षांत ३० टक्के लोक तसा प्रयत्न करू लागले आहेत असे होते. आकडा एकच. पहिल्या गटातील १७ टक्के लोकांनी मांसविरहित जेवण मागवले, दुसऱ्या गटातील ३४ टक्क्यांनी. आज किती जण करतात यापेक्षा 'लोक आता करू लागले आहेत' याची ओढ अधिक लागते, कारण माणूस मागे पडायला भितो. म्हणून तुम्ही आधी इमारतीतल्या दोघी-तिघींशी बोला, त्यांना पटले तर एकत्र ठरवा, आणि मग आमंत्रणात 'यंदा आपल्याकडे बऱ्याच जणी खाण्याचे वाण देऊ लागल्या आहेत' असे लिहा. ते खरे झाल्यावरच लिहा. प्लास्टिकमुक्त हा शब्द त्यात नको, तो वाचून आधी प्लास्टिकचे वाण दिलेल्या बाईला आपण चुकलो असे वाटेल.

एकटीच्या साड्यांनी काय फरक पडतो, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की हवामानाला तो जाणवणार नाही. एका सुती टी-शर्टमागे सरासरी २,७०० लिटर पाणी लागते असे सांगतात. ही जगाची सरासरी झाली, विदर्भातल्या कोरडवाहू कापसाला ती जशीच्या तशी लावता येत नाही, आणि एरवीही अशा आकड्यांनी उरात धडकी भरवून घेतली की दोन आठवडे उत्साह राहतो आणि पुढे आकडा बोथट होतो. वस्तू दुरुस्त करता आल्याच नाहीत तर कमी घेणार तरी कसे, हा प्रश्न एका घराच्या आवाक्याबाहेरचा आहे. केंद्र सरकारने त्यासाठी २०२२ मध्ये समिती नेमली आणि दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, तरी ते काम अजून बरेच बाकी आहे. परंतु तुम्ही एकट्या आहात हे मला मान्य नाही. तुमच्या घरी ६० बायका येतात. नऊ महिने गप्प राहून तुम्ही त्यांच्यापुरते काही घडलेच नाही असे करून ठेवले आहे.

राहिली पैठणी. रिचर्ड ग्रेग नावाचे एक अमेरिकन वकील १९२५ मध्ये भारतात आले आणि काही काळ गांधीजींच्या आश्रमात राहिले. स्वेच्छेने साधे राहण्यावर त्यांनी १९३६ मध्ये एक निबंध लिहिला, आणि या विषयाची पाश्चात्त्य चर्चा बरीचशी त्यापासून सुरू होते. त्यात त्यांनी सांगितले आहे, की बाकी सगळे सोडणे सोपे वाटते, पुस्तके मात्र सुटत नाहीत, असे त्यांनी गांधीजींना कळवले. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या त्या माणसाने उत्तर दिले, की मग सोडू नका. ज्या वस्तूपासून आतून आधार मिळतो ती ठेवावी. त्यागाच्या किंवा कर्तव्याच्या कडक भावनेने ती टाकली तर मन पुन्हा पुन्हा तिच्याकडे धावत राहील आणि छळेल. दुसरे काही तरी इतके हवेसे झाले की या वस्तूची ओढ आपोआप उरली नाही, तेव्हाच ती सोडावी.

तुमच्या ६४ साड्यांपैकी किती तुम्हाला कित्येक वर्षे हव्या होत्या? बहुतेक आदल्या दिवशीही हव्या नव्हत्या. सवलत दिसली, मैत्रिणीने घेतली, पगार झाला, म्हणून आल्या. पैठणी त्यांतली नाही, आणि तिच्यामुळे तुमचा निश्चय खोटा ठरतो असे मला वाटत नाही. हातमागावर एकेक पैठणी विणायला कित्येक आठवडे, कधी महिनेही जातात, जपली तर ती मुलीला आणि नातीलाही नेसता येते, आणि सगळ्यांनीच कमी घ्यायचे ठरवले तर पहिला फटका यंत्रमागावरच्या नकलेला बसावा, विणकराला नव्हे. पाडव्याला तुमचे वर्ष पुरे होते. त्यानंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत येवल्याला जा, मागावर बसलेल्या विणकराचे काम तासभर पाहा, काठापदराचे रंग ठरवायला मुलीला बरोबर न्या. आणि पैठणी घरी आली की घडी मोडायला नणंदेला द्या.